महेश्वरच्या नावेवरचा इन्व्हर्टर-चार्जर आणि सियागंजमधलं बिनपाटीचं दुकान

आधी निकाल सांगते, मग हकीकत. मशीनला पाचपैकी साडेचार. ज्याने ते पहिल्यांदा बसवलं त्याला शून्य. आणि इंदूरच्या सियागंज बाजारातल्या गल्लीत, पाटीसुद्धा नसलेल्या दुकानात बसून ज्यांनी सगळं उसवून पुन्हा नीट जोडून दिलं, त्या काकांना पाच. कोणाला नावेवर इन्व्हर्टर बसवायचा असेल त्यांनी पूर्ण वाचावं. घरातल्या वायरिंगची चूक बहुतेक वेळा घरातच राहते. घाटावर मात्र आपल्या नावेपासून चार हातांवर लोक नर्मदेत डुबकी मारत असतात.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. बावीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाबरोबर भागीत महेश्वरला एक बत्तीस फुटी लाकडी नाव घेतली. पावसाळा सोडून शनिवार-रविवार संध्याकाळी अहिल्या घाटावरून निघायचं, नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या देवळाला वळसा घालून संथ पाण्यात थांबायचं, तिथे तास-दीड तास गाणं, मग चहा आणि परत. चौदा माणसं, प्रत्येकाला लाइफ जॅकेट. नावेचं इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलवरचं, हॅंडल मारून सुरू करायचं. त्याला डायनॅमो नाही, त्यामुळे वीज हवी तर ती बाहेरूनच आणावी लागते.

पहिली तीन वर्षं मागच्या टोकाला एक छोटा पेट्रोल जनरेटर असायचा. मागच्या कार्तिकात एक गायिका आल्या होत्या. तानपुरा जुळवून झाला, त्यांनी षड्ज लावला आणि थांबल्या. पुन्हा लावला, पुन्हा थांबल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "ते मागचं बंद होईल का? तो माझ्या सा च्या जरासा खाली गुणगुणतोय." बंद केला. दिवे गेले, अँप (माइकचा ॲम्प्लिफायर) गेला. त्या रात्री एका कंदिलाच्या उजेडात, माइकशिवाय त्यांनी मारवा गायला, आणि नावेच्या बुडाला लागणारं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. परतताना मी भावाला म्हटलं, हा जनरेटर पुन्हा नावेवर चढणार नाही.

दिवाळीनंतर मशीन घेतलं: व्हिक्ट्रॉनचा मल्टिप्लस कॉम्पॅक्ट, 12 व्होल्टचा, 1600 व्हीए ताकदीचा. ही डच कंपनी, निळ्या डब्यांची. इन्व्हर्टर-चार्जर म्हणजे एकाच डब्यात तीन कामं. बॅटरीच्या 12 व्होल्टपासून 230 व्होल्ट बनवायचे, काठावरची वीज मिळाली की तीच वीज पुढे सोडून बॅटरी चार्ज करायची, आणि या दोहोंमधली अदलाबदल आपली आपण करायची. ही अदलाबदल 20 मिलिसेकंदांच्या आत होते, अँपला कळतही नाही. वीज शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट. हे गाण्यासाठी फार महत्त्वाचं, कारण स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आमच्या अँपमधून सतत एक घरघर आली असती, म्हणजे जनरेटर गेला आणि त्याचं भूत राहिलं असं झालं असतं. किंमत घरच्या इन्व्हर्टरच्या कितीतरी पट आहे, हे लपवत नाही.

बॅटऱ्या दोन, 150 अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर (लेड-ॲसिडचाच एक प्रकार), समांतर जोडलेल्या. लिथियम परवडलं नाही. हिशेब असा: दोन्ही मिळून 3600 वॅट-अवर, पण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून हाताशी धरायचे 1800. दिवे आणि अँप मिळून 200 वॅट, तीन तास, झाले 600. एक लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण 100 वॅट-अवर लागतात, तशा चार-पाच किटल्या. हजार-अकराशेत संध्याकाळ होते. कागदावर सगळं बसत होतं.

बसवायला आलेला मिस्त्री घरांचे इन्व्हर्टर बसवणारा होता. वाईट माणूस नव्हता, घाईत होता. अर्ध्या दिवसात काम उरकून, पैसे घेऊन, जाम गेटच्या डोंगरघाटाने परत इंदूरला.

पहिल्याच शनिवारी, दिवे, अँप सुरू असताना किटली लावली आणि मशीनचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी लो. दिवसभर चार्ज केलेली बॅटरी लो कशी असेल? दुसऱ्या किटलीला मशीन बंदच पडलं. मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, मशीन खराब आलंय, कंपनीला परत पाठवा. मी मीटर काढला. किटली चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 11.9 व्होल्ट, आणि मशीनच्या बोल्टांवर 10.1. म्हणजे 1.8 व्होल्ट वाटेत हरवत होते. बॅटरीही चांगली, मशीनही चांगलं. दुखणं मधल्या वायरीत होतं.

हे नीट समजून घ्या, कारण 12 व्होल्टवर बसणारं प्रत्येक मोठं मशीन इथेच फसतं. 230 व्होल्टवर 1200 वॅट म्हणजे पाच-सव्वापाच अँपिअर, साधी वायर पुरते. त्याच 1200 वॅटसाठी 12 व्होल्टच्या बाजूला 115 अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. आमच्याकडे बॅटऱ्या पुढे, मशीन मागे, मध्ये चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर केबल, तीही 16 स्क्वेअरची, म्हणजे 16 चौरस मिलिमीटर छेदाची. तांब्याच्या हिशेबाने तिथेच जवळपास एक व्होल्ट जातो. उरलेले 0.8 व्होल्ट सांध्यांमध्ये जात होते. 0.8 गुणिले 115 म्हणजे 92 वॅट उष्णता. साधी सोल्डरिंग आयर्न याहून कमी वॅटची असते. आणि ही उष्णता लाकडी नावेच्या पोटात, चौदा माणसांच्या पायाखाली. मी हात लावून पाहिला तर एक थिंबल (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची नळी) चटका देण्याइतकं तापलेलं होतं आणि त्यावरची टेप तपकिरी झाली होती. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. विचारल्यावर मिस्त्री म्हणाला होता, घरी कोण लावतं?

पण हे सगळं मी निस्तरलं असतं. ज्याने माझी झोप उडवली ते वेगळंच.

रात्री नाव घाटाला लागली की तिथल्या कोल्ड्रिंकच्या टपरीवरून केबल ओढून चार्जिंग करायचो, टपरीवाल्याला युनिटचे पैसे देऊन. आधी तर त्याचा 6 अँपिअरचा एमसीबीच (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा. मशीन 70 अँपिअरने चार्ज करायला बघायचं, म्हणजे काठावरून जवळपास पाच अँपिअर, वर त्याचा फ्रीज. ते एक असो. तिसऱ्या-चौथ्या रात्री आमचा केवट, म्हणजे नावाडी, एक पाय पाण्यात ठेवून, नावेचा लोखंडी कठडा धरून चढत होता. एकदम हात झटकून म्हणाला, "दीदी, झुनझुनी आई." म्हणजे झिणझिण्या आल्या.

मी केबल उपटली. सकाळी काठावर ओल्या मातीत एक सळई ठोकून तिच्या आणि कठड्याच्या मध्ये मीटर लावला, केबल पुन्हा जोडली. 14 व्होल्ट. दहा पावलांवर बायका आंघोळ करत होत्या, एक आजोबा नातवाला काखेत धरून बुडवत होते. मी तिथेच घाटाच्या पायरीवर बसले. पाय थरथरत होते.

गोड्या पाण्यातली वीज समुद्राच्या पाण्यातल्या विजेपेक्षा माणसाला जास्त घातक असते. खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगलं वाहक असतं, करंट शरीराला वळसा घालून जातो. गोडं पाणी वाईट वाहक, त्यात पोहणारा माणूसच करंटची सोपी वाट बनतो. स्नायू आखडतात, हात-पाय चालत नाहीत आणि माणूस हाकही न मारता बुडतो. मी हे वर्गात कधी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं.

भावाने त्याच दिवशी टपरीच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला आणि अर्थिंगची सळई ठोकून नावेच्या केबलमध्ये अर्थची तार आणली. नाव जोडली की आरसीसीबी पडायचा. चढवला, पडला. मिस्त्रीला पुन्हा फोन. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहिते: "आरसीसीबी काढून टाका, तो उगाच त्रास देतो." त्या क्षणी मी त्याचा नंबर पुसला. नाव तीन आठवडे बांधून ठेवली, आधी घेतलेल्या बुकिंगचे पैसे परत केले.

आता दुकानाबद्दल. सियागंजमध्ये हार्डवेअरच्या दुकानांची रांग संपते तिथून आत एक गल्ली जाते. एका शटरच्या अर्ध्या गाळ्यात वेल्डिंग केबलची वेटोळी, बॅटऱ्यांचे सांगाडे आणि भिंतीला टांगलेलं एक हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं, म्हणजे थिंबल तारेवर दाबून बसवायचं, यंत्र. पाटी नाही. आजूबाजूला "केबलवाले काका" विचारलं की सांगतात. महाराणी रोडवरच्या एका दुकानदाराने मला तिथे पाठवलं. काका सत्तरीचे, पूर्वी कापड गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, गिरणी बंद पडल्यावर हे सुरू केलं. मी मराठी बोलतेय असं पाहून म्हणाले, "बसा ताई. आधी जुनं दाखवा."

मी पिशवीतून ते तापलेलं थिंबल काढून दिलं. त्यांनी ते वायसमध्ये धरलं आणि हॅकसॉने उभं चिरलं, पेरू चिरावा तसं. दोन फाका माझ्यापुढे ठेवल्या. आत तांब्याच्या तारांचा जुडगा एका बाजूला चेपलेला, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा, आणि त्या पोकळीत तारा काळ्या पडलेल्या. एक-दोन ठिकाणी हिरवी बुरशी धरल्यासारखा थर. थिंबल ॲल्युमिनियमचं होतं, वायर तांब्याची. "हातोड्याने ठोकलंय," ते म्हणाले. "निम्म्या तारा नुसत्या आत उभ्या आहेत, काम करत नाहीत. शिवाय दोन वेगळे धातू आणि नदीवरची ओल. हे रोज थोडं थोडं खाल्लं जातं." मग त्यांनी 70 स्क्वेअरची टिन केलेली तांब्याची केबल घेतली, साल सोलली, तांब्याचं थिंबल चढवलं, योग्य मापाची डाय लावून यंत्राचा दांडा मारला. थिंबलाची नळी षटकोनी झाली. तीही चिरून दाखवली. कापलेला भाग नाण्यासारखा भरीव, तार कुठे संपते आणि थिंबल कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. चांगलं थिंबल गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी फुकट चिरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आरसीसीबीची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "नावेच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलंय का?" मी फोनमधला फोटो मोठा करून दाखवला. न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या करंटच्या, पट्टीपासून अर्थच्या पट्टीपर्यंत एक छोटी हिरवी तार. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं. "हीच."

इन्व्हर्टरवर चालताना नावेला स्वतःचा न्यूट्रल लागतो, आणि तो अर्थला जोडलेला असावा लागतो, नाहीतर नावेवरचा आरसीसीबी वेळेला कामच करणार नाही. पण हे काम मशीन स्वतः करतं. त्याच्या आत एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, असते. इन्व्हर्टर चालू असला की ती न्यूट्रलला अर्थशी जोडते, काठावरची वीज आली की सोडते. कारण काठावरच्या विजेचा न्यूट्रल काठावरच अर्थ झालेला असतो, तो नावेवर दुसऱ्यांदा जोडायचा नाही. आमच्या मिस्त्रीने घराच्या सवयीने कायमची तार टाकली. त्यामुळे परतीचा करंट दोन वाटांनी जायचा, थोडा न्यूट्रलने आणि थोडा कठडा, इंजिनाचा दांडा आणि नदीच्या पाण्यातून. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट ताडून बघतो, 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडतो. तो उगाच त्रास देत नव्हता. तो ओरडून सांगत होता. आणि अर्थिंग नसताना टपरीच्या सॉकेटात कधी फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असते, जे अशा टपऱ्यांवर सर्रास असतात, तर कठड्यावर 14 नाही, 230 व्होल्ट आले असते.

काका एका सोमवारी स्वतः महेश्वरला आले. भावाने गाडीने आणलं. आल्यावर आधी चपला काढून नर्मदेला हात जोडले, मग नावेत उतरले. दिवसभरात जे केलं ते असं. हिरवी तार काढली. मशीन मागून उचलून बॅटऱ्यांच्या पलीकडच्या फळीवर आणलं, जेणेकरून केबल जेमतेम सव्वा मीटर राहील, पण बॅटऱ्यांच्या बरोबर वर नाही, कारण ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बॅटऱ्यांच्या पेटीच्या झाकणाला दोन्हीकडे जाळीची भोकं पाडली. दोन्ही बॅटऱ्या डाव्या अंगाला ठेवलेल्या होत्या, नाव त्या बाजूला दोन बोटं कललेली असायची आणि आम्ही तो दोष सुताराला देत होतो. त्या मध्यावर आणून पट्ट्यांनी बांधल्या. प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरावर 200 अँपिअरचा फ्यूज. समांतर जोडलेल्या बॅटऱ्यांना एकीच्या प्लसवरून आणि दुसरीच्या मायनसवरून केबल घेतली, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. तापमानाचा सेन्सर डब्यातच पडून होता, तो बॅटरीला लावला. निमाडच्या, म्हणजे महेश्वरकडच्या भागातल्या, उन्हाळ्यात याची गरज आहे, गरम बॅटरीला कमी व्होल्टेजने चार्ज करावं लागतं.

सेटिंग बदलायला कंपनीचा यूएसबी जोड आणि लॅपटॉप लागतो. ते काम मी आणि भावाने केलं. चार्जिंग 70 वरून 40 अँपिअरवर आणलं, 300 अँपिअर-अवरच्या ट्युब्युलरला तेवढंच सोसतं. काठावरून घ्यायच्या करंटची मर्यादा 4 अँपिअर ठेवली. तेव्हापासून टपरीचा एमसीबी एकदाही पडलेला नाही.

संध्याकाळी किटली, अँप, दिवे, सगळं एकदम लावलं. बॅटरीवर 11.9. मशीनवर 11.8. काकांनी थिंबलावर पंजा ठेवून पाच मिनिटं तसाच राहू दिला आणि मला म्हणाले, "तुम्ही ठेवा." गार होतं. मग काठाची केबल जोडली. आरसीसीबी चढलेलाच राहिला. त्याचं टेस्टचं बटण दाबलं, खट्कन पडला. कठडा आणि सळई यांच्यामध्ये मीटर शून्यावर.

केबल, थिंबलं, फ्यूज, त्याचा होल्डर आणि दिवसाची मजुरी मिळून 11,400 रुपये झाले. पहिल्या मिस्त्रीला यापेक्षा थोडेसेच कमी दिले होते.

त्यानंतर सहा महिने झाले. मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. अर्धा गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. काही न लावता नुसतं चालू ठेवलं तरी माझ्या क्लॅम्प मीटरवर 0.7 अँपिअर दिसतो, म्हणजे दिवसाला 17 अँपिअर-अवर, म्हणून सोमवार ते शुक्रवार स्विच बंद ठेवायची सवय लावा. आणि जोरात चार्ज होताना त्याचा पंखा ऐकू येतो. गाण्याच्या वेळी आम्ही चार्ज करत नसल्याने अडत नाही. डबा पाणी उडालेलं सहन करणारा नाही, वरून झाकण आणि खालून हवा, दोन्ही हवं.

काठावरची केबल आता रात्री दहानंतरच जोडतो, घाट रिकामा झाल्यावर, आणि पहाटे चारला काढतो, पहिले स्नानाला येणारे उतरायच्या आधी. आरसीसीबी आहे, अर्थिंग आहे, तरी हा नियम मोडत नाही. केवट रोज जोडण्याआधी टेस्टचं बटण दाबतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला टिकली करतो.

त्या गायिका माघात पुन्हा आल्या. माइक होता, दिवे होते. षड्ज लावला आणि थांबल्या नाहीत.

काकांकडे जाणार असाल तर रविवार सोडून अकरानंतर जा. फोनवर ते माप घेत नाहीत. बॅटरीपासून मशीनपर्यंत केबल जशी वळणार आहे तशीच सुतळी लावा, दोन्ही टोकांना गाठ मारा आणि ती सुतळी घेऊन जा. बोल्टाची जाडीही मोजून न्या, थिंबलाचं भोक त्यावर ठरतं. जुनं थिंबल असेल तर तेही न्या, ते चिरून दाखवतील.